तुंबा शाबूत आहे काय?

एके काळी वेगासाठी नावाजलेली, परंतु आता वयाने थकलेली दोन आसनी मोटार दुरुस्त करून घ्यावी की मोडीत घालून तिच्या जागी नवी आणावी, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या सधनांचा, फार तर संस्थानिकांच्या वारसांचा, अशी आपली समजूत असते. आणि अकोल्यासारख्या डोंगरी तालुक्यात तो कोणी काढला तर ऐकणारा प्रथम हसेल यात शंका नाही. परंतु मोटारीच्या जागी बैलगाडी आणि गॅरेजच्या जागी सुताराचे खोपट ठेवून पाहिले, म्हणजे ध्यानात येते की हाच प्रश्न येथील कुणब्याने पिढ्यान्‌पिढ्या, दर उन्हाळ्याच्या अखेरीस, मृग निघण्यापूर्वी विचारलेला आहे. आणि त्याचे उत्तर देण्याची एक रीतही, सरकारी दप्तरात नव्हे तर कारागिराच्या कानात, जतन झालेली होती. (अकोले म्हणजे अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील प्रवराकाठचे, विदर्भातील अकोला निराळे. नवख्याची गल्लत होते म्हणून हा खुलासा.)

या तालुक्याचे वाहनांच्या दृष्टीने दोन मुलूख पडतात. पश्चिमेस कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या पायथ्याचे डांगाण, जेथे पावसाचा मारा असा की चाकापेक्षा खुरावर भिस्त ठेवणेच शहाणपणाचे. आणि पूर्वेस प्रवरेच्या खोऱ्यातील सपाटी, जेथे बैलगाडी सुखाने चाले. डांगाणाने आपल्या नावाचा बैलही घडविला. पांढऱ्या अंगावर काळे वा तांबडे ठिपके वागविणारा, तेलकट कातडीमुळे पाऊस अंगात न मुरू देणारा, काळ्या टणक खुरांचा हा डांगी बैल चालीने मंद असतो, पण चिखलात आणि चढावर तो थांबत नाही. वेगाची हौस ज्याला असेल त्याने खिलार पाहावा. ती हौस नगर-पुण्याच्या माणसाला पूर्वापार आहेच. शर्यतीचा हलका गाडा आणि त्यास जुंपलेली खिलार जोडी ही आमच्याकडची खरी स्पोर्ट्‌स कार. तिच्यावर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाची मनाई आली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा सुधारणा-कायदा ग्राह्य धरल्यानंतर ती निर्वेधपणे घाटात उतरली. मोटारीच्या नशिबी इतका मोठा खटला अजून आलेला नाही.

परंतु आपला विषय नित्याच्या गाडीचा. तिचे चाक बाभळीचे. मध्यभागी तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले कडेचे वाकीव लाकडी तुकडे, आणि या सर्वांस बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चढविणे हा सुतार आणि लोहार या दोघांनी मिळून करावयाचा सोहळाच असे: चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड केलेली धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवावयाची, तापून ती फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवावयाची, लाकूड पेट घेते न घेते तोच वर घागरीमागून घागरी पाणी ओतावयाचे; मग लोखंड आकसते, आणि सैल झालेले सगळे सांधे कुरकुरत एकमेकांत असे घट्ट रुतून बसतात की एकाही खिळ्याची गरज उरू नये. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की हीच धाव ढिली पडे, आणि मग चाके ओढ्याच्या पाण्यात भिजत टाकण्याचा साधा, बिनपैशाचा उपाय प्रथम होई. तेवढ्याने भागले नाही, तर सुताराचा निकाल.

सुतार काय पाही? आरा मोडला असेल तर आरा बदलता येतो. कडेचा तुकडा फुटला असेल तर तो नवा घालता येतो. धाव झिजली तर लोहार तोडून, जोडून पुन्हा चढवितो. परंतु सर्व आऱ्यांचे मूळ ज्यात आहे तो तुंबा जर चिरला असेल, तर वरची सगळी मेहनत वाया. म्हणून तो हातोडीने तुंबा ठोकून त्याचा नाद ऐके. नाद भरीव आला तर चाकाला पुढचा जन्म. बद्द आला तर चाक सरपणात. गाडी किती वर्षांची आहे हा सवाल तो सहसा विचारीत नसे, कारण त्याचे उत्तर त्याच्या कामाचे नव्हते.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे अवश्य आहे. जुने लोक काटकसरी होते म्हणून ते दुरुस्ती करीत, आणि आपण उधळे झालो म्हणून नवे घेतो, असे हल्ली फार ऐकू येते. परंतु गुणदोषांची ही वाटणी मला तरी मान्य नाही. बलुतेपद्धतीत सुतार-लोहाराला सुगीच्या धान्याचा ठरलेला वाटा मिळे, आणि त्या वाट्यात औतांची, अवजारांची नित्याची दुरुस्ती येत असे. नवी गाडी घडविण्याचे मोल मात्र सामान्यतः निराळे द्यावे लागे. म्हणजे दुरुस्तीचे पैसे आधीच चुकते झालेले, आणि नव्यासाठी पुन्हा हात खिशात घालावयाचा. अशा हिशेबात आळशी आणि उधळा माणूसही दुरुस्तीच पत्करील! त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ग्रामव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथास ‘गावगाडा’ हे नाव दिले, तेव्हा ही व्यवस्था खिळखिळी होऊ लागली होती. १८८४ च्या शेतकरी-कर्जाच्या कायद्याखाली बी-बियाणे आणि बैल यांसाठी सरकारी तगाई मिळण्याची सोय त्यापूर्वीच झालेली होती. मेलेल्या बैलाच्या जागी नवा घेण्यास कर्ज मिळे, पण कारागिराचा हात जिवंत ठेवण्यासाठी अशी तजवीज कोणी केली नाही. पुढे मजुरी रोकडीत आली, आणि दुरुस्तीचा व नव्याचा हिशेब कायमचा उलटा झाला.

मोटारीचे युग या जिल्ह्यास एका अभिमानास्पद तारखेने ठाऊक आहे: १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. ती बेडफर्ड बनावटीची होती आणि तिची बॉडी लाकडी होती, म्हणजे सुताराचा संबंध अजून तुटलेला नव्हता. पुढे महामंडळाने दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे कार्यशाळा उभारल्या, आणि सत्तर वर्षांनंतर त्याच कार्यशाळांत जुन्या सांगाड्यांवरील अ‍ॅल्युमिनियमच्या बॉड्या उतरवून लोखंडी बांधणीच्या नव्या चढविण्याचे काम निघाले. सांगाडा जुना, बॉडी नवी. तुंबा शाबूत, आरे बदललेले. अकोले आगारात उभी असलेली लाल गाडी नवी की जुनी, हे म्हणूनच तिच्या रंगावरून सांगता येत नाही.

खासगी मोटारीची कथा याहून कठोर आहे. १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सचा जोडणी-कारखाना चालू होता. पण येथे प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांना १९५३ च्या सुमारास गाशा गुंडाळावा लागला. आयात जवळपास बंद झाली, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव लावून बसावे लागे. अशा मुलखात वेगवान परदेशी मोटार ज्याच्यापाशी होती त्याला ‘बदल’ हा पर्यायच नव्हता. सुटा भाग मिळेना तर तो लेथवर कातून घ्यावयाचा, इंजिन गेले तर दुसऱ्याच गाडीचे बसवावयाचे, आणि तरीही गाडीचे नाव तेच सांगावयाचे. आपल्याकडील मेकॅनिकची ख्याती या निरुपायातून जन्मली, हे त्याच्या कौशल्याला कमीपणा आणणारे नाही.

आणि योगायोग पाहा! १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडात ॲबिंग्डन येथे एम.जी. कंपनीने टी.सी. नावाची जी सुप्रसिद्ध दोन आसनी मोटार सुमारे १०,००० च्या संख्येने बनविली, तिच्या पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाची चौकट असे, आणि तिची चाके तारांच्या आऱ्यांची. बाहेरून चकचकीत, आत सुतारकाम. अशा मोटारीत पाणी मुरले की लाकूड कुजते, दार लोंबते, पत्रा फाटतो. पण हे सारे खालच्या स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर उभे असल्याने, सांगाडा सरळ असेल तर चौकट नव्याने घडविता येते. ज्या मोटारींत पुढे वेगळा सांगाडा राहिलाच नाही, पत्र्याची काया हीच भार वाहू लागली, त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या दाराखालच्या पोकळ पट्ट्या गंजल्या की तुंबाच चिरला म्हणून समजावे. इंजिन, गिअर, ब्रेक, आसनांचे चामडे यांवर किती खर्च येईल याची चौकशी मालक आधी करतात, आणि गाडीखाली निजून पाहण्याचे शेवटी आठवते. क्रम उलटा आहे.

सरकारनेही आपला एक निकष लावला आहे, आणि तो वयाचा आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर श्रीरामपूरच्या कार्यालयात, जेथील एम.एच. १७ ही अक्षरे अकोल्याच्या गाड्यांवर असतात, तपासणी करवून दर पाच वर्षांनी मुदत वाढवून घ्यावयाची. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले. आयात मोटारीसाठी ते ४०,००० झाले. उलट २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या मोटारीस वारशाचा दर्जा देऊन निराळी नोंदणी-मालिका दिली. पंधराव्या वर्षी जिच्यावर संशय सुरू होतो तीच पन्नासाव्या वर्षी मानकरीण ठरते. मधली पस्तीस वर्षे तिने कोणाच्या जिवावर काढावीत, याचे उत्तर नियमांत नाही. मालकाच्या जिवावर, हे उघड आहे.

वयाचा निकष किती तोकडा आहे हे पाहण्यासाठी तालुक्याबाहेर जाण्याचे कारण नाही. शेंडीजवळ प्रवरेवर भंडारदऱ्याची दगडी भिंत आहे; १९१० मध्ये तिचे काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन होऊन तिला त्यांचे नाव मिळाले. उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११ टीएमसी. त्रेचाळीस वर्षांनी, १९६९ साली, या भिंतीतून मोठी गळती सुरू झाली. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप लोकांच्या स्मरणात ताजा होता, खाली प्रवरेचे भरवस्तीचे खोरे होते, आणि भीती अनाठायी नव्हती. नवे धरण बांधणे म्हणजे खालच्या साऱ्या कालव्यांचा व उसाचा संसार वर्षानुवर्षे कोरडा ठेवणे. अभियंत्यांनी भिंत पाडली नाही. तिच्या पायथ्याकडील अंगास टेकूच्या भिंती उभारून तिला बळ दिले. पुढे खाली निळवंड्याला धरण झाले ते भंडारदऱ्याच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीस.

त्याच पाण्यावरचा ऊस वाहणाऱ्या टायरगाड्यांत एक गोष्ट पाहण्यासारखी असते. लाकडी चाक त्यांतून गेले. त्या जागी रबरी टायर आले, आणि कित्येक गाड्यांखाली मोडीत निघालेल्या मोटारीचाच आख असतो. मोटार संपली, आख बैलांमागे चालला. यास दुरुस्ती म्हणावे की बदल, याचा निवाडा करण्याच्या भरीस मी पडत नाही.

मात्र ज्यांच्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी जुनी वेगवान मोटार उभी आहे, त्यांना एवढेच सांगावयाचे. तिच्या वयाचा आणि तिच्यावर आजवर झालेल्या खर्चाचा विचार तूर्त बाजूला ठेवा. गाडी उचलून धरा, चाके उतरवा, आणि सांगाडा किंवा भार वाहणाऱ्या पट्ट्या हातोडीने ठोकून त्यांचा नाद ऐका. नाद भरीव असेल, आणि ते काम जाणणारा कारागीर एका दिवसाच्या वाटेवर असेल, तर दुरुस्त करा. दोहोंपैकी एक जरी नसेल, तर ती भागांसाठी दुसऱ्या मालकाला द्या. त्याच्या गाडीला आरे हवेच असतील.