संगणकीय सुरक्षादोषांचे नामकरण : एका सामायिक नोंदवहीचा इतिहास (१९८८ ते २०२५)

बीजसंज्ञा : सुरक्षादोष, नोंदक्रमांक, सीव्हीई, मायटर, सर्ट-इन

प्रस्तावना :
इतिहासाच्या अभ्यासकास नोंदवह्यांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे दस्तऐवज, ग्रंथालयातील दाखल क्रमांक यांशिवाय समाजाला आपली स्मृती टिकविता येत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकक्षेत्रातही अशीच एक नोंदवही आकारास आली. सॉफ्टवेअरमध्ये राहून गेलेल्या व जाहीर झालेल्या सुरक्षादोषांना एकच सर्वमान्य क्रमांक देणारी ही व्यवस्था 'सीव्हीई' या नावाने ओळखली जाते. तिचा उदय, रचना आणि तिच्यापुढील प्रश्न यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
२ नोव्हेंबर १९८८ रोजी 'मॉरिस वर्म' या स्वतःच पसरणाऱ्या प्रोग्रॅमने इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. त्यानंतर लगेचच अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात 'सर्ट समन्वय केंद्र' स्थापन झाले व सुरक्षादोषांविषयी सूचनापत्रके निघू लागली. पुढील दशकात सुरक्षासाधने विकणाऱ्या कंपन्यांनीही आपापल्या सूची तयार केल्या. परंतु प्रत्येकीची नावे निराळी होती. वेब सर्व्हरसोबत नमुन्यादाखल दिल्या जाणाऱ्या 'पीएचएफ' या प्रोग्रॅममधील दोष याचे बोलके उदाहरण होय. सर्टने १९९६ मध्ये सूचनापत्रक काढलेला हा एकच दोष निरनिराळ्या सूचींत निरनिराळ्या नावांनी वावरत होता. परिणामी, दोन साधनांनी दाखविलेले दोष एकच आहेत की वेगवेगळे, हे संगणक सांभाळणाऱ्यास ठरविता येत नसे.

सीव्हीईचा उदय :
जानेवारी १९९९ मध्ये परड्यू विद्यापीठातील कार्यशाळेत मायटर या ना-नफा संस्थेतील डेव्हिड मान व स्टीव्हन क्रिस्टी यांनी सामायिक सूचीची संकल्पना मांडली. सप्टेंबर १९९९ मध्ये ३२१ नोंदींची पहिली सूची प्रसिद्ध झाली. दोषाची सर्व माहिती साठविणे हा तिचा हेतू नव्हता. क्रमांक, थोडक्यात वर्णन व संदर्भ एवढेच तिचे स्वरूप होते. विविध सूचींना जोडणारा दुवा होणे, हेच तिचे कार्य. दोषाची तीव्रता व तपशील यांचे विश्लेषण अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये सुरू केलेल्या स्वतंत्र माहितीसंचात होऊ लागले. पीएचएफच्या दोषास 'सीव्हीई-१९९९-००६७' हा क्रमांक मिळाला.

क्रमांकाची रचना व अर्थ :
आरंभी नवी नोंद 'उमेदवार' मानली जाई व संपादक मंडळाच्या मान्यतेनंतरच तिला सीव्हीई हे उपपद मिळे. २००५ मध्ये हा भेद क्रमांकातून काढण्यात आला. वर्षाकाठी चार अंकी क्रमांक अपुरे पडणार हे दिसताच १ जानेवारी २०१४ पासून अधिक अंकांची मुभा देण्यात आली. २०२४ या एकाच वर्षी सुमारे ४० हजार नोंदी प्रसिद्ध झाल्या, यावरून त्या निर्णयाची आवश्यकता पटते.

येथे साधनचिकित्सा आवश्यक ठरते. क्रमांकातील वर्ष हे दोषाचे जन्मवर्ष नव्हे. 'शेलशॉक' या नावाने गाजलेल्या दोषाचा क्रमांक २०१४ चा असला, तरी तो 'बॅश' या प्रणालीत १९८९ पासून दडलेला होता. तसेच नोंद चुकीची ठरल्यास तिचा क्रमांक पुन्हा वापरला जात नाही. ती 'नाकारलेली' असा शेरा घेऊन सूचीतच राहते. चूक खोडून न टाकता जपणारी ही पद्धत अभ्यासकास मोलाची आहे.

नियंत्रणाचा प्रश्न :
वाढता व्याप लक्षात घेऊन क्रमांक देण्याचे अधिकार उत्पादक कंपन्या व राष्ट्रीय संस्थांनाही देण्यात आले. भारत सरकारने २००४ मध्ये स्थापन केलेल्या सर्ट-इन या संस्थेस हा अधिकार २०२१ मध्ये मिळाला. काम असे विभागले गेले, तरी आर्थिक आधार मात्र अमेरिकी शासनाचाच राहिला. १६ एप्रिल २०२५ रोजी मायटरबरोबरचा करार संपणार असल्याचे आदल्या दिवशी उघड झाले आणि जगभर चिंता पसरली. ऐनवेळी मुदतवाढ मिळाली. तथापि व्यवस्था किती नाजूक पायावर उभी आहे, हे दिसून आले. मे २०२५ मध्ये युरोपीय संघाने स्वतःचा माहितीसंच खुला केला व त्यातील नोंदींना सीव्हीईच्या जोडीने स्वतंत्र क्रमांक दिले.

निष्कर्ष :
सीव्हीईचे यश तांत्रिक चमत्कारात नसून परस्परांशी स्पर्धा करणाऱ्यांनी एक नाव मान्य करण्यात आहे. एका शासनाच्या निधीवर सर्व जगाने विसंबणे धोक्याचे. परंतु प्रत्येकाने आपली निराळी वही उघडल्यास १९९९ पूर्वीचा गोंधळ परतण्याचा संभव आहे. म्हणून क्रमांक देणारे अनेक, पण क्रमांक एकच आणि त्याचा खर्च सर्वांनी मिळून उचललेला, हीच दिशा या इतिहासातून सूचित होते.