मोटारीच्या रंगाची निगा

मोटारीच्या पत्र्यावरचा रंग शाबूत आणि चकचकीत राखण्याची कामे. शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात या कामाला वेगळेच महत्त्व येते. ऊस, केळी, पपई आणि कापसाचा हा मुलूख. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पावसाळ्यात काळी माती चाकांना धरून बसते, आणि ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांमागून येणारी गाडी धुळीने माखूनच घरी पोचते.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर साधारण चार थर असतात: गंजरोधक थर, प्रायमर, मूळ रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून जाडी सुमारे १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोट जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक. चमक त्याचीच, आणि उन्हाचा मारा झेलणाराही तोच.

या थराचा मोठा शत्रू घरातच असतो: सकाळी गाडीवर मारलेला कोरडा फडका. धुळीतले वाळूचे कण क्लिअर कोटपेक्षा कठीण असतात. फडक्याखाली ते पॉलिश पेपरसारखे घासले जातात, आणि वर्षभरात काळ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे चमकू लागतात. म्हणून आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत कापड खंगाळायला साधे. हात वरून खाली चालवावा, कारण सर्वांत जास्त रेती दाराच्या खालच्या कडेला असते. कपड्यांची पावडर वापरू नये. तिने वॅक्स निघून जाते.

बोअरचे पाणी जड असेल तर धुतलेली गाडी उन्हात वाळू देणे महागात पडते. पाणी उडते, क्षार मागे राहतात आणि पांढरे ठिपके धरतात. सावलीत धुवावी, लगेच मायक्रोफायबरने टिपावी.

सावलीसाठी गाडी निंबाखाली लावली की पक्ष्यांची विष्ठा आलीच. तापलेला क्लिअर कोट मऊ पडून फुगतो, वाळत्या विष्ठेला घट्ट धरतो आणि संध्याकाळी थंड होताना तिच्याच आकारात आक्रसतो. डाग उरतो तो यामुळे. नखाने खरवडू नये. ओले कापड पाच-दहा मिनिटे ठेवून अलगद उचलावे. केळीचा चीकही ओला असतानाच पुसलेला बरा.

वॅक्स आणि पॉलिश यांची गल्लत सर्रास होते. वॅक्स वरून थर चढवते. उत्तम प्रतीचे कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. पॉलिश किंवा रबिंग कंपाउंड मात्र क्लिअर कोटच घासून कमी करते. दर सणाला रबिंग करून घेणाऱ्या गाडीचा रंग टपाच्या कडांवर आधी उघडा पडतो, तो त्यामुळेच.

खडी उडून टवका गेला तर पावसाळ्याआधी टचिंग करून घ्यावे. मडगार्डच्या आत साचलेली काळी माती पाइपने धुऊन काढावी. ती ओल धरून ठेवते, आणि गंज बाहेर दिसेपर्यंत आतला पत्रा सडलेला असतो.