पत्रातलं अक्षर बदलतं तेव्हा

मी राहतो त्या हाटकेशहून उत्तरेला खाडी ओलांडली की वसई. 1737 ते 1739 या काळातल्या वसई मोहिमेची पत्रं हातकागदावर, बोरूने, मोडीत लिहिलेली. गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेल्या ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ (1930-34) या 45 खंडांत त्यातली बरीच छापली आहेत.

मीही आधी छापील खंडांवरूनच टिपणं काढून मोकळा झालो होतो. मूळ मोडी कागद पाहायला लागलो तेव्हा चूक कळली. मराठेशाहीतल्या काही पत्रांत मजकूर कारकुनाच्या हातचा असतो आणि शेवटच्या ओळी पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या. छपाईत दोन्ही अक्षरं सारखीच! म्हणजे ठरावीक मायना कुठे संपला आणि माणूस स्वतः कुठे बोलायला लागला, नेमकं हेच निसटतं. माझं अर्धं टिपण त्यामुळे पुन्हा लिहावं लागलं.

कागद गेला तर हा पुरावाही गेला. जीर्ण कागद सांधायला जगभर पातळ जपानी कागद वापरतात. तो कोझो या तुतीच्या कुळातल्या झुडपाच्या सालीचा असतो. धागे लांब असल्याने तो पातळ असूनही चिवट, आणि खालची शाई वाचता येते.

तेव्हा मित्रांनो, दप्तरखान्यात गेलात की वहीत एवढं टिपाच: अक्षरं किती हातांची, ती कुठे बदलतात, घड्या कशा, कागद कुठे सांधलाय. छापील खंड वाट दाखवायला जवळ असू द्या. आणि हो, मोडी शिकायला आजच लागा.