न्हाव्याला निरोप कोणी पाठवला?

तर मंडळी, गेल्या शनिवारी मी स्वतःचा गाल कापून घेतला. फार नाही, पण आईला दिसण्याइतका!

झालं असं की, आमच्या टीममधला एक सोलापूरकर मित्र टोकियोला ऑनसाइट होता. त्याला मी येताना कामिसोरी, म्हणजे जुन्या पद्धतीचा जपानी वस्तरा, आणायला सांगितलं. "लोकं चॉकलेटं मागतात, तू वस्तरा काय मागतो बे?" असं म्हणत का होईना, पण आणला त्यानं. आपल्याकडच्या वस्तऱ्यासारखा हा मुठीत मिटत नाही. पातं आणि दांडी एकाच तुकड्याची. पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, एक जास्त खोलगट असते. तसं एकदम देखणं हत्यार. फक्त धार गेलेली होती.

इंजिनिअर माणूस, म्हटलं धार लावण्यात काय एवढं! दगड मागवला, चार व्हिडिओ पाहिले आणि स्वयंपाकघरातली सुरी घासतात तसा पात्याचा मागचा भाग उचलून घासत बसलो. पुढचं वर सांगितलंच आहे.

शेवटी हुतात्मा एक्सप्रेसनं तो वस्तरा सोलापूरला आला आणि आमच्या गल्लीतल्या अण्णांच्या दुकानात गेला. अण्णा सत्तरीचे. आता दुकान मुलगा बघतो आणि तिथं अर्धं ब्लेड घालायचा वस्तराच चालतो. नव्वदच्या दशकात एड्सची धास्ती पसरली आणि एकच पातं सगळ्यांना लावण्याचे दिवस संपले. पण अण्णांकडे वडिलांची धोकटी अजून आहे. वाटी, कातर, नखं काढायची नराणी, तुरटी आणि वापरून वापरून मधोमध खोल गेलेला निसणा.

"पाठ उचलायची नाही," अण्णांचं पहिलं वाक्य. पात्याची जाड पाठ आणि धार दोन्ही दगडाला एकदम टेकल्या पाहिजेत. धारेचा कोन तुमच्या हातानं नाही, त्या पाठीच्या जाडीनं ठरतो. म्हणजे कोन हत्यारातच 'हार्डकोडेड' आहे, आपण फक्त मध्ये कडमडायचं नाही! दगडावर धार पुढे ठेवून जायचं. चामड्याच्या पट्ट्यावर परजताना मात्र उलटं, पाठ पुढे आणि धार मागे. तिथं चुकलात तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. दाब जवळपास नाहीच. अण्णांनी पाणी शिंपडत अर्धा तास काम केलं आणि मनगटावरचे दोन केस उडवून दाखवले.

मग मी माझं ज्ञान पाजळलं. कामी म्हणजे केस, सोरी म्हणजे भादरणं. जपानमध्ये हा वस्तरा बौद्ध धर्माबरोबर आला असं सांगतात, भिक्षूंची डोकी करायला. संसार सोडायचा म्हणून माणूस आपणहून डोकं पुढे करणार.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपणहून केलं तर ठीक की. तुमच्या वाड्यात माझा आजा कशाला यायचा, माहितीय का?"

माहीत होतं. माझ्या आजोबांची आत्या आमच्याच घरी राहायची. लग्न दहाव्या वर्षी झालं, बाराव्या वर्षी नवरा गेला. पुढचं सगळं आयुष्य लाल आलवण आणि वपन केलेलं डोकं. बाबांनी लहानपणी पाहिलंय. परसात पाट मांडलेला, आत्याआजी भिंतीकडे तोंड करून बसलेली आणि मुलांना आत जायची ताकीद. घरात ही गोष्ट नेहमी एकाच वाक्यात सांगतात : "दर पंधरा दिवसांनी न्हावी यायचा."

आता थोडा इतिहास. १८९० साली मुंबईत शेकडो न्हावी सभेला जमले आणि विधवांचं केशवपन यापुढे करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पुढाकार होता सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंड्यांचा. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक आणि १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे. हा संप गाजला, लंडनच्या 'टाइम्स'पर्यंत त्याची बातमी गेली.

मला यात सगळ्यात थोर वाटतो तो एक साधा हिशोब. त्या काळी सुधारकांची भाषणं होत होती, लेख छापून येत होते, शास्त्रार्थ चालले होते. पण प्रथा चालायला शेवटी एक हात लागतो आणि त्या हातात वस्तरा लागतो. न्हाव्यांनी तोच हात मागे घेतला. तोही पोटावर पाय येईल हे माहीत असताना. गावाकडच्या बलुत्याचा तर विचार करा. सुगीला धान्य ज्यांच्या खळ्यावरून मिळणार, त्यांनाच नाही म्हणायचं!

प्रथा त्या संपानं संपली नाही, हे आमच्या परसानं पुढं कितीतरी वर्षं सिद्ध केलं. अण्णांचा आजा मुंबईच्या सभेत नव्हता. "आवडीनं नाही केलं त्यानं," अण्णा म्हणाले. "पोर रडायची, सांगायचा. घरी येऊन जेवायचा नाही त्या दिवशी. पण वाड्यातनं निरोप आला की जावं लागायचं."

निरोप!

आमच्या घरच्या गोष्टीत हा शब्द कधीच नव्हता. आमच्याकडे न्हावी 'यायचा', जसा पाऊस येतो तसा. जणू त्याचा तोच उगवायचा. आमच्या धंद्यात काही बिघडलं की आधी लॉग बघतात आणि कोड कोणी चालवला एवढ्यावर लोक थांबतात. खरा प्रश्न असतो, तिकीट कोणी टाकलं? इथं ते आम्ही टाकलं होतं. माझ्या पणजोबांनी. दर पंधरा दिवसांनी.

घरी येऊन बाबांना विचारलं, "निरोप घेऊन कोण जायचं?" बाबा बराच वेळ पेपरातच बघत होते. मग म्हणाले, "एकदोनदा मी गेलोय. सात-आठ वर्षांचा असेन." यावर काय बोलणार? आम्ही दोघंही काही बोललो नाही.

जाता जाता एक गोष्ट. त्याच लोखंड्यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी कामगारांची रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे ज्या निवांत रविवारी मी हे टाइप करतोय, त्यामागे तोच माणूस आहे आणि तेच साल.

आज सकाळी अण्णांनी लावलेल्या धारेनं दाढी केली. गरम पाणी, साबण, पाठ न उचलता. कापलं नाही. वस्तरा परत परजून डब्यात ठेवला आणि आत्याआजीचा एकुलता एक फोटो माळ्यावरच्या ट्रंकेतून खाली काढला. फोटोत पदर कपाळापर्यंत ओढलेला आहे. सोमवारी फ्रेम करायला टाकतोय.