फोटो कोणाचा?

चित्रकार चित्र काढतो आणि फोटोग्राफर फोटो काढतो. मराठीने दोघांना एकच क्रियापद दिले आहे. पण मनातून आपण भेद करतोच. चित्र काढणारा तो कलावंत. आणि फोटो काय, कळ दाबली की यंत्रच काढते! शाळेच्या वर्गाचा फोटो भिंतीवर लागतो, त्याखाली मुलांची नावे ओळीने लिहिलेली असतात. काढणाऱ्याचे नाव कोपऱ्यात असले तर असले. आज ज्या फोटोची हकीकत सांगणार आहे, त्याचे मात्र उलटे झाले. काढणारीचे नाव जगभर गाजले, आणि जिचा काढला तिचे नाव बेचाळीस वर्षे लोकांना ठाऊक नव्हते.

गोष्ट अमेरिकेतली. १९३० नंतरची काही वर्षे त्या देशाला फार वाईट गेली. शहरांत बेकारी, आणि मध्यभागातल्या ओक्लाहोमासारख्या राज्यांत अवर्षण. नांगरलेल्या रानांची माती वाऱ्याबरोबर उडून जाई. हजारो कुटुंबे जुन्या मोटारींवर बिऱ्हाड लादून पश्चिमेला कॅलिफोर्नियात मजुरीला गेली. शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी सरकारने १९३५ साली एक खाते उघडले, आणि खेड्यांची दैना शहरवाल्यांनाही दिसावी म्हणून फोटोग्राफर नेमले. त्यांत डोरोथिया लँग या बाई होत्या. लहानपणी पोलिओ झाल्याने त्यांचा एक पाय अधू होता. सॅन फ्रान्सिस्कोत श्रीमंतांचे फोटो काढण्याचा त्यांचा स्टुडिओ चांगला चालत असे. तो सोडून त्या रस्त्यावरच्या माणसांकडे वळल्या होत्या.

मार्च १९३६. दौरा आटोपून लँगबाई पावसातून एकट्याच मोटार हाकीत घरी निघाल्या होत्या. निपोमो गावाजवळ ‘वाटाणा तोडणाऱ्यांची छावणी’ अशी पाटी दिसली. तशाच पुढे गेल्या. वीस मैल गेल्यावर मन राहीना, म्हणून गाडी वळवून परत आल्या. वाटाण्याचे पीक थंडीने गेले होते आणि तोडणीला आलेली सुमारे अडीच हजार माणसे हात बांधून बसली होती. तोडणीच बुडाली की मजुराच्या चुलीचे काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

एका कापडी पालाच्या तोंडाशी बत्तीस वर्षांची एक आई बसली होती. मांडीवर तान्हे मूल. दोन मुले तिच्या दोन्ही खांद्यांवर डोकी टेकून, पाठ फिरवून उभी. तिचा हात गालाशी आणि नजर कुठे तरी लांब. सगळे काम दहाएक मिनिटांचे. लँगबाईंनी तिचे नाव विचारले नाही.

आता यात कला कोणती, असे गुरुजी विचारतील. बाईंनी दुरून सुरुवात केली आणि दर फोटोला त्या जवळ जवळ गेल्या. आधीच्या फोटोंत पाल आहे, सामान आहे, थोरली मुलगीही आहे. शेवटच्यात हे सगळे गाळले आहे. उरली ती आई आणि मुले. काय गाळायचे हे यंत्र ठरवीत नाही. पुढे १९३९ साली त्यांनी आणखी एक गोष्ट गाळली. पालाच्या खांबाला धरलेला अंगठा फोटोच्या कोपऱ्यात आला होता, तो त्यांनी पुसून घेतला. खात्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना हे रुचले नाही. सरकारी पुराव्यात फेरफार कसा करावा? आणि गंमत पाहा, हेच स्ट्रायकर नापसंत फोटोंच्या निगेटिव्हांना सरळ भोक पाडीत, म्हणजे ते पुन्हा कोणी छापायला नको!

फोटो ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ या पत्राकडे गेले. बातमी छापून येताच छावणीकडे वीस हजार पौंड धान्य-सामान रवाना झाले. पण ती आई तोवर मुलांना घेऊन पुढच्या कामाच्या शोधात निघून गेली होती. तिच्या चेहऱ्याने आलेली शिधासामग्री तिला मिळाली नाही.

फोटो सरकारी नोकरीत काढलेला, तेव्हा त्यावर कोणाचीच मालकी नाही. कोणीही छापावा. वर्तमानपत्रांनी छापला, पुस्तकांनी छापला. पुढे ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या पत्राने तीच आई काळी करून रेखाटली. १९९८ साली तिचे टपाल तिकीट निघाले, आणि त्याच वर्षी फोटोची एक जुनी प्रत लिलावात दोन लाख चव्वेचाळीस हजार पाचशे डॉलरांना गेली.

१९७८ साली एका बातमीदाराने त्या आईला शोधून काढले. फ्लॉरेन्स थॉम्पसन त्यांचे नाव. जन्माने त्या चेरोकी, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी. लोक इतकी वर्षे त्यांना गोरी शेतकरीण समजत होते. फ्लॉरेन्सबाईंची तक्रार साधी होती. फोटो काढू दिला नसता तर बरे झाले असते. नाव विचारले नाही, प्रत पाठवीन म्हणाल्या ती पाठवली नाही, आणि या फोटोतून आपल्याला एक छदाम मिळाला नाही. पोटासाठी मोटारीचे टायर विकले, असे लँगबाईंनी १९६० साली लिहिले होते. तेही घरच्यांनी नाकारले. १९८३ साली त्या आजारी पडल्या, तेव्हा मुलांच्या आवाहनावर लोकांनी सुमारे पस्तीस हजार डॉलर पाठवले. त्याच वर्षी त्या वारल्या.

मला विचाराल तर लँगबाईंनाही मी लबाड म्हणणार नाही. त्यांनाही पगारापलीकडे काही मिळाले नव्हते, आणि त्या वळून आल्या नसत्या तर छावणीत धान्य आले नसते. पण नाव विचारायला काही पैसे पडत नाहीत.

फोटो सरकारचा असला म्हणजे काय होते, याचा दुसरा अनुभव लँगबाईंना लवकरच आला. जपानशी युद्ध पेटल्यावर, १९४२ च्या फेब्रुवारीत निघालेल्या हुकुमाने अमेरिकेतल्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उठवून छावण्यांत कोंडले. त्यांतले दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. हे कसे नीट पार पडले ते दाखवायला सरकारने लँगबाईंनाच नेमले. काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे, बंदुका घेतलेले शिपाई यांचे फोटो काढायचे नाहीत, अशी अट होती. बाईंनी मग माणसे काढली: गळ्यात सरकारी चिठ्ठ्या अडकवून गाठोड्यांवर बसलेली मुले, आणि ओकलंडमधले एक दुकान, ज्याच्या मालकाने दर्शनी भागावर ‘मी अमेरिकन आहे’ अशी ठळक पाटी लावली होती.

तारा नसूनही ते फोटो बोलू लागले. लष्कराने युद्ध संपेपर्यंत बहुतेक सगळे दाबून ठेवले. काहींच्या कडेला ‘जप्त’ असा हाताने लिहिलेला शेराही आहे. आईचा फोटो ज्या सरकारने कोणालाही छापू दिला, त्याच सरकारने हे सुमारे आठशे कुलपात घातले. युद्धानंतर ते राष्ट्रीय दप्तरखान्यात गेले आणि तिथेच पडून राहिले. १९७२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांतले सत्तावीस लोकांपुढे मांडले गेले. १९८८ साली अमेरिकन सरकारने कायदा करून छावणीतल्या हयात माणसांची माफी मागितली आणि प्रत्येकाला वीस हजार डॉलर भरपाई ठरवली. लँगबाई १९६५ सालीच वारल्या होत्या.