फुटक्या बशांच्या भिंती

भिंतींचा इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गडकोट उभे राहतात. कोणत्या राजानें तट बांधिला आणि कोणत्या सेनापतीनें तो पाडिला, हेंच आम्हीं शाळेंत वर्षानुवर्षें शिकविलें. आज मी ज्या भिंतींविषयीं बोलणार आहें, त्या एका बागेच्या आहेत. त्या कोणा राजानें नव्हे, तर सरकारी रस्तेखात्यांतील एका साध्या निरीक्षकानें उभारिल्या. आणि त्यांचें सामान म्हणजे फुटक्या कपबशा, तुटक्या बांगड्या, डांबराचीं रिकामीं पिंपें व विजेचीं निकामी उपकरणें. ही बाग म्हणजे चंदीगडचें रॉक गार्डन.

तिची कथा समजण्यासाठीं तें शहर कसें वसलें हें आधीं पाहिलें पाहिजे. १९४७ च्या फाळणींत लाहोर पाकिस्तानांत गेलें आणि पूर्व पंजाबास राजधानी उरली नाहीं. तेव्हां शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशीं नवी राजधानी वसविण्याचें ठरलें व पुढें ल कॉर्बूझिए या विख्यात वास्तुविशारदानें तिचा आराखडा सिद्ध केला. परंतु ती भूमि कांहीं ओसाड नव्हती. तेथें खेडीं होतीं, शेतें होतीं, आमराया होत्या. खेडुतांनीं विरोध केला. तो चालला नाहीं. वीसांहून अधिक खेडीं उठलीं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या संसारांचे तुकडे ढिगाऱ्यांत जाऊन पडले.

नेकचंद सैनी यांची नोकरी याच शहराच्या रस्त्यांवर होती. त्यांचा जन्म १९२४ सालचा, शकरगड तालुक्यांतील एका खेड्यांतला. फाळणींत तें खेडें सीमेपलीकडे राहिलें आणि ऐन तारुण्यांत ते निर्वासित होऊन इकडे आले. ज्यांचें स्वतःचें गांव सुटलें, त्यांच्या डोळ्यांदेखत आतां दुसऱ्यांचीं गांवें मोडलीं होतीं. १९५८ च्या सुमारास, शहराच्या उत्तरेस सुखना तलावानजीक, बांधकामास मनाई असलेल्या रानांत त्यांनीं आपलें काम आरंभिलें. दिवसा नोकरी करावी, सायंकाळीं सायकलीवर दगड व भंगार वाहून आणावें आणि रात्रीं जुने टायर पेटवून त्यांच्या उजेडांत काम करावें, असा क्रम सुमारें सतरा वर्षें चालला. मोजक्या माणसांखेरीज त्याचा कोणास पत्ता नव्हता.

या कामांतील युक्ति साधी आहे. सिमेंटचा गिलावा ओला असतांनाच त्यांत तुकडे दाबून बसवावयाचे. अखंड फरशी सपाट भिंतीवरच शोभते. वळणावर ती बसत नाहीं. तुकडा मात्र कसल्याही वळणास जुळवून घेतो. बार्सिलोना येथें गाउदी या शिल्पज्ञाच्या १९०० सालीं आरंभिलेल्या उद्यानांत नागमोडी बाकावर हीच रीत दिसते, आणि मुंबई-गुजरातकडील गच्च्यांवर चायना मोझाइक म्हणतात तीही याच जातीची. नेकचंदांनीं मात्र या रीतीचा विस्तार केला. तेथें एका भिंतीस नुसत्या मडक्यांची रांग आहे, दुसरी डांबराच्या पिंपांची आहे, तर तिसरी विजेच्या पांढऱ्या चिनी मातीच्या खटक्यांनीं मढविलेली आहे. भिंतींमधून वाट काढीत गेलें कीं पुढें माणसें व जनावरें यांच्या शेंकडों मूर्ति पलटणीसारख्या उभ्या दिसतात. त्यांतील कित्येकींचीं वस्त्रें बांगड्यांच्या तुकड्यांचीं आहेत.

१९७५ च्या सुमारास हें गुपित फुटलें. कायदा स्पष्ट होता. जमीन सरकारी, बांधकाम विनापरवाना, कर्ता सरकारचाच नोकर; म्हणजे हें सर्व पाडणेंच क्रमप्राप्त होतें. परंतु लोकांनीं बाग पाहिली आणि ती त्यांना आवडली. कांहीं जाणत्या अधिकाऱ्यांनींही तिची बाजू घेतली. अखेर १९७६ सालीं बाग सर्वांसाठीं खुली झाली, व नेकचंदांस त्याच कामावर पगार आणि पन्नास मजूर मिळाले. १९८४ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही संकट टळलें नव्हतें. १९९० च्या सुमारास बागेचा कांहीं भाग पाडून रस्ता नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हां नागरिक हातांत हात घालून यंत्रांपुढें उभे राहिले आणि बाग वांचली. २०१५ सालीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, नेकचंद निवर्तले.

येथें विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. बेकायदा भिंती लोकांनीं वांचविल्या, हें उत्तम झालें. परंतु ज्या खेड्यांचा आपल्या जमिनीवर पिढीजात हक्क होता, त्यांचा विरोध मात्र विफल ठरला. सुंदर वस्तूसाठीं लोक धांवून येतात. मातीच्या घरासाठीं धांवून येणारे थोडे. ही उणीव भिंतींची नाहीं, आपली आहे.

इतिहाससंशोधक जमीन खणतात आणि सांपडलेल्या खापरांवरून एखाद्या लोकांचा काळ व राहणी ठरवितात. खापरें बोलूं लागेपर्यंत बहुधा शतकें लोटलेलीं असतात. नेकचंदांनीं ढिगाऱ्यांतील खापरें उचलून तीं भिंतींत, सर्वांच्या नजरेसमोर, आपल्याच काळांत बसविलीं. त्या भिंतींवर खेड्यांचीं नांवें नाहींत. तथापि बागेंत हिंडणाऱ्यानें एखाद्या तुकड्यापाशीं थांबून, ‘ही बशी कोणाच्या घरची?’ एवढा प्रश्न स्वतःस विचारिला, तरी इतिहासाच्या अभ्यासास खरा आरंभ झाला असें मी समजेन.