तिन्ही 'ळ' एकाच जागी खरचटलेले

परवा चौकात एका मंडळाचा फ्लेक्स लागला. वर ठळक अक्षरात, 'चाळीस वर्षांची चळवळ'. अक्षरं जुन्या भिंतीवरची वाटावीत अशी, पोपडे उडालेली, कडा खडबडीत. मला तर आवडली. शेजारी आपल्या गावचे जुने पेंटरकाका उभे होते. म्हणाले, "तिन्ही 'ळ' बघ. तिघांनाही एकाच जागी ओरखडा. भिंत असं करते होय?"

बघितलं, खरंच की! फॉन्टमध्ये 'ळ' एकदाच हाताने काढतात, एकदाच झिजवतात. मग तो कुठेही येऊ दे, तोच ओरखडा घेऊन येतो. मेहनती फॉन्टकार एका अक्षराची दोन-तीन रूपं देतात, ती आलटून पालटून येतात. देवनागरीत शिरोरेषेचीही पंचाईत असते. खडबडीत रेघ पुढच्या अक्षराला जोडताना सांधा उघडा पडतो. आणि असा फॉन्ट शोभतो तो दोन-चार शब्दांच्या मथळ्यालाच. आमच्याकडे पत्रिकेतला पत्तासुद्धा त्यातच छापतात, मग पाहुणे गल्ली शोधत फिरतात.

काकांचं म्हणणं, ब्रश टेकतो तिथे रंग जाड बसतो, उचलतो तिथे पातळ. पावसात पातळ आधी जातो. म्हणजे भिंत कशी झिजणार हेही रंगवणाऱ्याच्या हातावर असतं.

माझ्या लहानपणी निवडणूक आली की भिंती अडवल्या जायच्या. आधी चुना, वर गेरू नाहीतर नीळ. रेघ मारायला निळीचा दोरा. १९९५ साली राज्यात भिंती विद्रूप करण्याविरुद्ध कायदा झाला, पुढे फ्लेक्स आला आणि ते काम संपलं.

नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगेंनी प्रत्येक नावाला वेगळं अक्षर दिलं. ते २०२० साली गेले. हनीफ कुरेशी यांनी दिल्लीच्या पेंटर कफील यांच्यासारख्यांची अक्षरं संगणकावर आणली, आणि फॉन्टला नाव दिलं ते पेंटरचंच. कुरेशीही २०२४ मध्ये गेले. आपल्या चौकातल्या त्या 'ळ'चा मूळ हात कुणाचा, कोण सांगणार?

२०२२ मध्ये कायदा बदलून छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालणार नाही, असंही ठरलं. मला वाटलं, आता पेंटरांना कामं मिळतील. पेठेत पाट्या बदलल्या, पण सगळ्या फ्लेक्स नाहीतर एलईडी. काकांना त्यातली एकही मिळाली नाही.

आता वाचनालयाची पाळी. तिथली पत्र्याची पाटी काकांनीच रंगवलेली. 'वाचनालय'मधला 'ल' अर्धा गेलाय, 'च' मात्र अजून तुकतुकीत. ती काढून 'जुन्या लूक'चा फ्लेक्स लावायचं घाटतंय! खरी जुनी पाटी उतरवून खोटी जुनी चढवायची, याला काय म्हणावं?

काकांकडूनच ती पुन्हा रंगवून घ्यावी, असं पत्र मी समितीला दिलंय. काका तयार आहेत, हात अजून थरथरत नाही. रविवारी सकाळी दहाला सभा आहे. सभासदांनी जरूर या.